माती परीक्षणाचा रिपोर्ट हातात आलाय, आता सेंद्रियमध्ये काय टाकायचं आणि काय नाही

दादा, तुमचे दोन्ही प्लॉटचे रिपोर्ट नीट बघितले. वाचणाऱ्या बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगतो. लातूर जिल्हा, पाच एकर मध्यम काळी, खाली चुनखड, खरिपाला सोयाबीन रब्बीला हरभरा, निम्म्या रानाला बोअरचं पाणी, दावणीला तीन जनावरं. पीएच (आम्ल-विम्लतेचा आकडा) ८.२, ईसी (क्षारांचं प्रमाण) ०.३, सेंद्रिय कर्ब म्हणजे कार्बन एका प्लॉटला ०.४२ टक्के आणि दुसऱ्याला ०.५०, नत्र १६८ आणि २००, स्फुरद ९, पालाश ५१० (हे तिन्ही किलो प्रति हेक्टर), मुक्त चुना ११ टक्के, गंधक ८, जस्त ०.४१, लोह ३.२, बोरॉन ०.४ (गंधकापासून पुढचे सगळे पीपीएममध्ये), तांबं मँगनीज ठीक. सल्लागारानं सांगितलंय एकरी एक टन जिप्सम, २०० किलो रॉक फॉस्फेट (स्फुरद असलेल्या खडकाची पावडर) आणि वरून चुलीची राख, आणि शेजारी म्हणतोय काही विकत आणू नको नुसतं जीवामृत (शेण-गोमूत्राचं आंबवलेलं द्रावण) सोड. माझं मत आधीच सांगून टाकतो, ह्या चार सल्ल्यांपैकी एकही तुमच्या रिपोर्टमधून निघत नाही. का ते खाली सांगतो, जरा लांबेल पण वाचा.

पहिलं म्हणजे रिपोर्ट हातात आला की सगळ्यांची नजर एनपीके म्हणजे नत्र-स्फुरद-पालाश वर जाते, कमी कुठं लिहिलंय ते बघायचं आणि दुकानात जायचं. रासायनिकमध्ये ते एकवेळ चालून जातं. सेंद्रियमध्ये आधी पीएच आणि मुक्त चुना बघायचा, कारण तुम्ही टाकलेलं कुठलं खत त्या जमिनीत चालणार आणि कुठलं दगडासारखं पडून राहणार ते हे दोन आकडे ठरवतात. तुमचा चुना ११ टक्के आहे. एका एकराचा वरचा १५ सेंटीमीटरचा थर म्हणजे साधारण ९ लाख किलो माती, त्याच्या ११ टक्के म्हणजे जवळपास ९९ टन चुना एका एकरात बसलेला आहे. एक किलो गंधक साधारण तीन किलो चुना विरघळवतो, म्हणजे तो सगळा चुना मोडून पीएच खाली आणायचा तर एकरी तीसेक टन गंधक लागेल! त्यामुळे "पीएच ७ वर आणून देतो" असं सांगून कोणी पावडर, लिक्विड, काहीही विकायला आलं तर चहा पाजून परत पाठवा. ८.२ पीएच तुमचा राहणारच आहे, नातवाच्या काळातही तोच राहील, आपल्याला त्याच्यासोबत जमवून घ्यायचं आहे.

मग जिप्सम कशाला? जिप्सम लागतं चोपण जमिनीला, जिथं मातीच्या कणांवर सोडियम चिकटलेला असतो, पीएच ८.५ च्या वर जातो, पाऊस पडला की चिखलाचं लोणी होतं आणि वाळलं की फरशी. तिथं जिप्सममधला कॅल्शियम सोडियमला हाकलतो. तुमच्या रानात कॅल्शियम आधीच ढिगानं आहे, तुमचा पीएच चुन्यामुळे आहे सोडियममुळे नाही, निदान वरच्या प्लॉटला तरी नाही. खालच्या ओढ्याकडच्या प्लॉटला पाणी साचतं आणि पापुद्रा धरतो असं तुम्ही लिहिलंय, त्याच्यासाठी वेगळी टेस्ट करावी लागेल, त्याबद्दल शेवटी बोलतो. जिप्समचा एक उपयोग मात्र तुमच्याकडे आहे, गंधकासाठी. गंधक ८ पीपीएम म्हणजे १० च्या खाली आहे आणि सोयाबीन तेलबिया पीक असल्यानं त्याला गंधक लागतं. त्याला टन लागत नाही, एकरी ७५ किलो खाणीतलं जिप्सम टाकलं तरी दहाएक किलो गंधक मिळतो, वर्षाला तेवढं पुरे. फक्त खताच्या कारखान्यातून बायप्रॉडक्ट म्हणून निघणारं फॉस्फोजिप्सम घेऊ नका, सेंद्रियच्या सर्टिफिकेशनला अडचण येते.

आता रिपोर्टवर विश्वास किती ठेवायचा ते. माती आरोग्य पत्रिका योजना २०१५ ला सुरू झाली तेव्हा नमुने ग्रीडनं घेतले जायचे, बागायतीला अडीच हेक्टरला एक आणि जिरायतीला दहा हेक्टरला एक. त्यामुळे जुनी पत्रिका असेल तर ती माती तुमच्या बांधाच्या आतली असेलच असं नाही. तुमचे हे दोन रिपोर्ट तुम्ही स्वतः नमुना देऊन काढलेत, चांगलं केलंत, पण नमुना कसा घेतला ते लिहिलं नाही. नागमोडी चालत एका प्लॉटमधून १०-१५ ठिकाणी व्ही आकाराचा २० सेंटीमीटर खड्डा करून त्याच्या बाजूची माती खरवडायची असते, सगळी एकत्र करून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं करत अर्धा किलो ठेवायची, सावलीत वाळवायची. बांधाजवळ, झाडाखाली, जिथं शेणखताचे ढीग पडले होते किंवा बैल बांधत होतो तिथलं घ्यायचं नाही. आणि जस्त तपासायचं असेल तर पत्र्याची बादली वापरू नका, त्या पत्र्यावर जस्ताचाच मुलामा असतो, प्लास्टिकचं घमेलं घ्या. खताच्या रिकाम्या गोणीत माती भरून लॅबला नेणारे अजून आहेत, त्यांचा स्फुरद कधी कमी येतच नाही.

दुसरी गंमत बघा. तुमचा कर्ब ०.४२ तिथं नत्र १६८, कर्ब ०.५० तिथं नत्र २००. दोन्हीला ४०० नं गुणलंय. म्हणजे लॅबनं नत्र मोजलेलाच नाही, कर्बावरून काढून छापलाय. हे बऱ्याच ठिकाणी चालतं, त्यात फसवणूक अशी काही नाही, पण तुम्ही नत्र हा वेगळा आकडा समजून त्याच्यावर प्लॅन करू नका. आणि खरंच मोजला असता तरी आपल्या काळ्या रानांत तो २८० च्या खालीच येतो, बहुतेक सगळ्यांचा "कमी". असा आकडा जो सगळ्यांचा सारखाच येतो तो निर्णय घ्यायला काय कामाचा. नत्र सेंद्रियमध्ये रिपोर्टवरून ठरवायचाच नसतो, तो पिकाच्या फेरपालटीवरून ठरवायचा. तुमची दोन्ही पिकं द्विदल आहेत, हवेतला नत्र घेतात, त्यांना नत्राची गोणी नकोय, मुळावरच्या गाठी नीट भरायला पाहिजेत. ह्या गाठी करणारे जिवाणू म्हणजे रायझोबियम, सोयाबीनचं वेगळं आणि हरभऱ्याचं वेगळं, पाकिटावर पीक बघून घ्या, दुकानदार जे हाताला लागेल ते देतो. पेरणीनंतर ३५-४० दिवसांनी चार झाडं ओल्यात अलगद उपटून गाठी नखानं फोडा, आत गुलाबी-लाल असेल तर काम चालू आहे, पांढरी हिरवी असेल तर नाही. ही तपासणी फुकट आहे आणि नत्राच्या छापील आकड्यापेक्षा मी हिला जास्त मानतो. पुढं ज्वारी गहू घेणार असाल तेव्हा नत्राचा प्रश्न येईल, तेव्हा ताग किंवा ढैंचा पेरून ४५-५० दिवसांत, फुलावर यायच्या आत गाडायचा, त्याचं वेगळं गणित आहे.

कमी-मध्यम-जास्त ह्या शिक्क्यांवरही जाऊ नका. तुमचा कर्ब ०.४२ तीन पायऱ्यांच्या तक्त्यात "कमी" येतो कारण तिथं ०.५० च्या खाली सगळं कमी, आणि आपल्याकडे महाराष्ट्रात जो सहा पायऱ्यांचा तक्ता चालतो त्यात ०.४१ ते ०.६० "मध्यम" येतो. आकडा तोच. शिक्का बदलला म्हणून माती बदलत नाही.

आता तुमच्या रिपोर्टमधला खरा मुद्दा, स्फुरद. ह्याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण सेंद्रियला गेलेली रानं तीन-चार वर्षांनी इथंच बसतात. आधी हे बघा की ९ हा आकडा नुसत्या स्फुरदाचा (पी) आहे का त्याच्या ऑक्साइडचा म्हणजे पी२ओ५ चा. दोन्हीत २.२९ पट फरक पडतो आणि सगळ्या लॅब एकसारखं लिहीत नाहीत. तुमच्या रिपोर्टवर पद्धत ऑल्सेन लिहिलीय आणि एकक किलो प्रति हेक्टर, स्फुरद पी म्हणून धरतो. चुनखडीच्या जमिनीला ऑल्सेनच पाहिजे, ब्रे पद्धत आम्लधर्मी मातीची, कोकणातल्या जांभ्याची, ती इथं चालत नाही.

हिशेब असा, खताच्या आकड्यांत इथून पुढं स्फुरद म्हणजे पी२ओ५ धरा. एकरी आठ क्विंटल सोयाबीन मोंढ्यावर गेलं की दाण्यातून साधारण ११ किलो पी२ओ५ शेताबाहेर जातो. सहा क्विंटल हरभरा गेला की अजून पाचेक किलो. वर्षाला एकरी १६ किलोच्या आसपास. हे परत कुठून येणार? नत्र हवेतून येतो, स्फुरद हवेतून येत नाही, तो कोणीतरी आणून टाकल्याशिवाय वाढत नाही. तुमची तीन जनावरं दिवसाला जनावरामागं १०-१२ किलो शेण धरलं तर वर्षाला बारा टन ओलं, कुजून निम्मं, म्हणजे सहा टन खत. चांगल्या शेणखतात टनाला ५ किलो नत्र, दोन-सव्वादोन किलो स्फुरद, ५ किलो पालाश. सहा टन पाच एकरावर पसरलं की एकरी तीन किलोही स्फुरद येत नाही. गेले १६, आले ३. आतापर्यंत डीएपी ह्या रासायनिक खताची गोणी हा खड्डा भरत होती, त्यातला काही भाग चुन्यात अडकून बसलाय, सेंद्रियला गेल्यावर पहिली दोन-तीन वर्षं पीक त्या जुन्या साठ्यावर निघतं आणि माणसाला वाटतं बघा काही न टाकता पिकतंय. मग एक वर्ष येतं जेव्हा फांद्या कमी, शेंगा कमी, आणि दोष पावसाला जातो.

रॉक फॉस्फेट का नको? ते विरघळायला आम्ल लागतं. सावंतवाडीला, रत्नागिरीला, गोव्यात ५-५.५ पीएचच्या मातीत थेट टाका, हळूहळू काम करेल. तुमच्या ८.२ च्या आणि ११ टक्के चुन्याच्या रानात थेट टाकलं तर पाच वर्षांनीही जवळपास तसंच सापडेल. दोनशे किलोचे पैसे मातीत, अगदी शब्दशः. पण तेच रॉक फॉस्फेट उकिरड्यात घातलं तर गोष्ट वेगळी होते, कारण कुजताना तिथं सेंद्रिय आम्लं तयार होतात आणि जिवाणू जोरात असतात. उदयपूरजवळच्या झामरकोटडा खाणीतल्या रॉक फॉस्फेटची बारीक पावडर बाजारात मिळते, १८ टक्क्यांच्या पुढं पी२ओ५ असतो. तुमच्या सहा टन खताच्या ढिगात थराथरानं तीन क्विंटल टाकली तर ५४ किलो स्फुरद वाढला, शेणाचा स्वतःचा १३ किलो, मिळून ६७, पाच एकराला एकरी साडेतेरा. निघून जाणाऱ्या १६ च्या बऱ्यापैकी जवळ आलो की नाही? सगळा पहिल्याच वर्षी लागू होणार नाही हे धरून चला, पण खड्डा वाढायचा थांबला. ओल ठेवा, पीएसबी म्हणजे स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंचं कल्चर ढीग थंड झाल्यावर घाला, गरम असताना घातलं तर मरतं. तीन महिने कुजू द्या.

आता मे चाललाय, त्यामुळे हा ढीग ह्या खरिपाला होत नाही, तो हरभऱ्याला वापरा. हरभऱ्याला मुद्दाम म्हणतोय, त्याच्या मुळ्या स्वतः आम्लं सोडतात आणि चुन्यातला स्फुरद काढून घेण्यात तो बऱ्याच पिकांच्या पुढं आहे. ह्या सोयाबीनला मात्र विकतचं प्रोम घ्या, म्हणजे फॉस्फेट रिच ऑर्गॅनिक मॅन्युअर, त्यात नियमाप्रमाणे किमान १०.४ टक्के पी२ओ५ असायला लागतो, गोणीवर छापलेलं बघा. एकरी दोन गोण्या म्हणजे १०० किलो, दहा किलो स्फुरद. फेकून देऊ नका, पेरणी यंत्राच्या खताच्या पेटीतून ओळीत पाडा. बॅच आणि लॅब रिपोर्ट मागा, देत नसेल तर दुसरा बघा, ह्या धंद्यात माती भरून विकणारे कमी नाहीत.

कोंबडीखत का नाही असं कोणीतरी विचारणारच. नत्र ३, स्फुरद अडीच टक्क्यांच्या आसपास, स्फुरद कमी असलेल्या रानाला एकदा-दोनदा एकरी टनभर कुजवून टाकलं तर उत्तम. अडचण सवयीची आहे. पीक नत्र घेतं स्फुरदाच्या तीन-चार पट आणि कोंबडीखतात दोन्ही जवळपास बरोबरीनं, त्यामुळे नत्राच्या हिशेबानं दरवर्षी टाकत राहिलात तर स्फुरद साचत जातो. भाजीपाला, द्राक्षवाल्यांचे असे रिपोर्ट मी पाहिलेत जिथं स्फुरद तक्त्याच्या वरच्या टोकाला आणि जस्त पिकाला मिळेना. तिथं माती परीक्षणाचं काम "आता थांबा" सांगायचं असतं. शिवाय मोठ्या बंदिस्त शेडचं खत सर्टिफिकेशनमध्ये चालत नाही, घ्यायच्या आधी विचारून घ्या.

पालाश ५१०. काळी माती आहे, तिच्यातच भरलेला आहे, तक्त्यात ३०० च्या पुढंच अत्यंत जास्त लिहितात. विकत काहीही आणू नका. आणि राख तर अजिबात नको, राखेचा स्वतःचा पीएच १० च्या वर असतो आणि तिच्यात पालाशपेक्षा चुनाच जास्त असतो, तुमच्या रानाला ह्या दोन्हीची गरज नाही. परसातल्या भाजीला चिमूटभर वापरा, शेतात नको. पालाशासाठी एकच करायचं, सोयाबीनचं कुटार विकायचं नाही आणि पेटवायचं तर मुळीच नाही. मळणी झाली की ते रस्त्याच्या कडेला ढीग लावून काडी लावतात ना, तो पालाश आणि कर्ब दोन्ही तिथंच जातं. जनावरांना घाला, उरलेलं उकिरड्यात घाला. पुढं हळद किंवा ऊस करणार असाल तर पालाशावर लक्ष ठेवा, ती पिकं उचलतात भरपूर, सोयाबीन-हरभऱ्याला सध्या चिंता नाही.

जीवामृत. इथं भांडण होतं म्हणून आकडेच देतो. एका एकराच्या २०० लिटरला १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन. शेणातला नत्र फार तर ४० ग्रॅम, गोमूत्रातला १०० च्या आत, बेसनातला ७०. सगळं मिळून पाव किलोच्या आत. स्फुरद तर मोजण्याइतकाही नाही. त्यामुळे जीवामृत हे खत नाही, जिवाणूंना हलवून जागं करायची गोष्ट आहे, आणि जागे झालेले जिवाणू खाणार काय? रानात कुटार, पाचोळा, शेणखत असेल तर ते कुजवतील, नसेल तर आहे तोच कर्ब खातील. शेजाऱ्याला चुकीचं म्हणत नाही, त्याच्याकडे कदाचित आठ जनावरं असतील. तुम्ही द्या, ओल असताना आच्छादनावर द्या, फक्त त्याला स्फुरदाची गोणी समजू नका.

कर्ब वाढवायचा सगळ्यांना असतो आणि दोन वर्षांत ०.४ चा १ करून दाखवतो म्हणणारेही भेटतात. त्यांना हे गणित विचारा. एकरी ९ लाख किलो माती, ०.१ टक्का कर्ब वाढवायचा म्हणजे ९०० किलो शुद्ध कर्ब. शेणखतात टनाला दीडएकशे किलो कर्ब, त्यातला मराठवाड्याच्या उन्हात वर्षभरानं पाचवा हिस्सा टिकला तर खूप, म्हणजे टनामागं ३० किलो. तर नुसता ०.१ वाढवायला तीस टन, आणि तेही आहे तो कर्ब जळत नाही असं धरून, तो तर जळतच असतो. त्यामुळे कर्ब टाकण्यापेक्षा जळू न देणं स्वस्त पडतं. रोटाव्हेटर कमी करा, उन्हाळ्यात रान उघडं तापत ठेवू नका, धुरे म्हणजे बांध पेटवू नका. आणि एक गोष्ट आपल्या भागात सगळीकडे दिसते, चैत्रातच शेणखताच्या गाड्या रानात रिकाम्या करायच्या आणि ते छोटे छोटे ढीग मृगापर्यंत तसेच उन्हात. नत्र उडून जातो, उरतं भुस्काट. ढीग उकिरड्यात झाकून ठेवा, पेरणीच्या आधी आठ-दहा दिवस नेऊन पसरा आणि त्याच दिवशी वखरपाळी द्या.

तुमच्याकडचं आत्ता तयार असलेलं जुनं खत (रॉक फॉस्फेटच्या नव्या ढिगातलं नव्हे) पाच एकरावर शिंपडू नका, ०.४२ वाल्या प्लॉटमधल्या दोन एकराला एकरी तीन टन द्या, पुढच्या वर्षी दुसऱ्या दोन एकराला. थोडं थोडं सगळीकडे टाकलं की फरक कुठंच दिसत नाही आणि माणूस कंटाळतो. हे माझं मत आहे, काहीजण उलट सांगतील.

जस्त ०.४१, मर्यादा ०.६, म्हणजे खरोखर कमी. झिंक सल्फेट एकरी ८-१० किलो शेणखतात मिसळून एकदा, परत तीन वर्षं बघायचं नाही. प्रोमसोबत एकाच पेटीत मिसळू नका. एनपीओपी (सेंद्रियचं राष्ट्रीय प्रमाणीकरण) सर्टिफिकेशन असो की पीजीएस (शेतकऱ्यांनी एकमेकांची तपासणी करायची पद्धत) गट असो, सूक्ष्म अन्नद्रव्य टाकायच्या आधी विचारायचं आणि कमतरता आहे म्हणून हाच माती रिपोर्ट दाखवायचा, त्यामुळे रिपोर्टची फाईल जपून ठेवा.

लोहाचं वेगळं आहे. ३.२ म्हणजे ४.५ च्या खाली, सोयाबीनची वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या तुम्हाला दरवर्षी जुलैत दिसत असणार. पण चुन्याच्या रानात फेरस सल्फेट मातीत टाकणं म्हणजे ते लगेच गंजून बसतं, पिकाला मिळत नाही. त्यात पाणी साचलं की पिवळं पडणं अजून वाढतं, म्हणून आधी बीबीएफवर म्हणजे रुंद वरंब्यावर पेरा, निम्मी तक्रार तिथंच जाते. तरी दिसलंच तर परवानगी घेऊन अर्धा टक्का फेरस सल्फेट, थोडं सायट्रिक ॲसिड घालून, फवारणी, आठ-दहा दिवसांनी परत. बोरॉन ०.४ ला सध्या हात लावू नका. कमी आणि विषारी ह्यातलं अंतर त्याच्यात फार थोडं आहे, अंदाजे हात फिरवून टाकायची ती गोष्ट नाही.

बेस सॅच्युरेशनचं, म्हणजे मातीच्या कणांवर कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे किती टक्के चिकटलेत त्याचं पण लिहितो कारण हल्ली पुण्या-नाशिककडचे सल्लागार ते घेऊन येतात, कॅल्शियम ६५ टक्के मॅग्नेशियम अमुक टक्के असा रंगीत चार्ट. मिसुरीच्या विल्यम अल्ब्रेख्टच्या कामातून ती कल्पना आली. चुनखडीच्या मातीत मात्र ह्या टेस्टचं अमोनियम ॲसिटेट मोकळा चुना विरघळवतं आणि कॅल्शियम खोटा जास्त दाखवतं, मग त्यावरून काढलेले टक्के पण खोटे. तुमच्या रानासाठी त्यावर पैसे घालवू नका.

पत्रिकेच्या खाली युरिया-डीएपीची शिफारस छापलेली असते, बरेचजण तिचं भाषांतर करायला बघतात, २५ किलो नत्र म्हणजे ५ टन शेणखत वगैरे. तसं करू नका. शेणखतातला नत्र पहिल्या हंगामात थोडाच सुटतो, बाकी पुढं, आणि द्विदलाला तो आकडा मुळात सुरुवातीच्या धक्क्यासाठी असतो.

ह्या वर्षी सगळं केलंत तरी दोन्ही प्लॉटमध्ये चार-चार ओळी प्रोम न टाकता सोडा, दोन टोकांना खुंट्या ठोका, मळणीला वेगळं मोजा. पुढचा नमुना तीन वर्षांनी, ह्याच महिन्यात, ह्याच लॅबला. दरवर्षी करून कर्ब ०.४२ चा ०.४६ झाला म्हणून नाचू नका, एवढा फरक खड्डा दोन फूट बाजूला घेतला तरी येतो. स्फुरद ९ चा १२-१४ झाला आणि जस्त ०.६ च्या वर गेलं तर बरोबर चाललंय समजा, स्फुरद ७ च्या खाली आला तर प्रोम वाढवावं लागेल.

राहिला खालचा प्लॉट. त्याची माती ०-२० आणि २०-४० सेंटीमीटर असे दोन थर वेगळे घेऊन ईएसपी, म्हणजे मातीच्या कणांवरच्या सोडियमची टक्केवारी, तपासायला सांगा, परभणी कृषी विद्यापीठात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात (केव्हीके) चौकशी करा, साध्या पत्रिकेत ते नसतं. ईएसपी १५ च्या वर निघाला तर जिप्समचा विषय परत काढू, तेही आधी ओढ्याच्या बाजूनं चर काढून पाण्याला वाट केल्यावरच, नाहीतर निघालेला सोडियम जाणार कुठं. आणि बोअरचं पाणी एक लिटर स्वच्छ बाटलीत, मोटर दहा मिनिटं चालू ठेवून मग भरलेलं, त्याच दिवशी लॅबला द्या. आरएससी, म्हणजे पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमपेक्षा जास्त असलेलं कार्बोनेट-बायकार्बोनेट, लिहून मागा. तो अडीचच्या वर असेल तर त्या निम्म्या रानात दरवर्षी तुम्ही स्वतःच पाण्यातून बायकार्बोनेट सोडताय, आणि मग तिथलं लोहाचं पिवळेपण कुठल्याच फवारणीनं कायमचं जाणार नाही. ते दोन रिपोर्ट आले की पाठवा.